नवी सयपाकखोली: कडप्पा, प्लायवुड की स्टीलची मांडणी, आणि भिंतीला रंग कोणता?

कापूस-तूर विकून हाती पैसा आला की आपल्याकडे घराचं काम निघतं, आणि सयपाकखोलीपाशी आलं की घरात मतभेद सुरू होतात. मुलांना मोबाईलवर पाहिलेलं मॉड्युलर किचन हवं असतं, आईला जुन्यासारखी मांडणी. दोघांचंही ऐकण्याआधी धान्याचा हिशेब करा.

ती किचनं महिन्याच्या किराण्यासाठी बनवलेली असतात. आपल्या घरी वर्षभराचा गहू, ज्वारी, तुरीची डाळ आणि भंडारा-गोंदियाकडे तांदूळ भरला जातो. एक क्विंटल गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते. चार-पाच क्विंटल धान्य त्या किचनच्या कोणत्याच सरकत्या खणात मावत नाही, म्हणून कोठ्यांची जागा आधी ठरवा. शेजारची कोरडी खोली असेल तर उत्तम. कोठी विटांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय धान्य भरू नका. घरकुलात एवढी खोली नसते. तिथे ओट्याची एक बाजू आखूड करून कोठीला कोपरा सोडा. हे जमलं की सयपाकखोलीत फक्त पंधरा दिवसांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, मुंगवड्या, कुरड्या आणि भांडी एवढंच उरतं.

एवढ्यासाठी माझी पहिली पसंती ओट्याखाली विटांचे कप्पे, त्यात कडप्प्याच्या फळ्या आणि वर अॅल्युमिनियमची दारं. गावात घर बांधणाऱ्याचा खरा शत्रू वाळवी, आणि दगडाला ती लागत नाही. पाणी सांडलं तरी फुगत नाही, गंज, गुंड अशी मोठी भांडी किंवा पाटा-वरवंटा ठेवला तरी फळी वाकत नाही. दोष दोन. दोन फूट खोल कप्प्यात मागचा डबा दिसत नाही, आणि सांधे उघडे राहिले तर झुरळं घर करतात. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरून घ्या, वरची फळी कमी खोल ठेवा. ओट्यावर मात्र कडप्पा घालू नका. तो चुनखडीचाच दगड, लिंबू-चिंचेचा रस सांडला की डाग पडतो. वर ग्रॅनाइट, आत कडप्पा, हे बरोबर.

प्लायवुड दिसायला देखणं, बंद दारांमुळे धूळही कमी बसते. पण दुकानात 'वॉटरप्रूफ' हा शब्द ऐकून थांबू नका, फळीवर आयएस ७१० चा, म्हणजे ओलाव्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहा. आयएस ३०३ चा साधा माल ओट्याखालच्या ओलाव्यासाठी नाही, आणि पार्टिकल बोर्ड तर एका गळक्या नळाने फुगतो. शिवाय बिजागरी किंवा खण सरकवायचा चॅनल बिघडला की कारागीर तालुक्याहून बोलवावा लागतो. हौस असेल तर प्लायवुड फक्त वरच्या कपाटांना वापरा. जमिनीपासून दूर असल्याने वाळवीची मातीची नळी भिंतीवर चढताना लवकर दिसते.

स्टीलची मांडणी सगळ्यात स्वस्त, सामान डोळ्यांसमोर, घर बदललं तर सोबत नेता येते. पण उघड्यावरच्या भांड्यांवर फोडणीचं तेल आणि धूळ मिळून चिकट थर बसतो. ज्या घरात रोजची भांडी रोज निघतात तिथेच ती शोभते.

सिलिंडरचा कप्पा बंद करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. दाराऐवजी मोकळं ठेवा, नाहीतर दाराला तळाशी जाळी घ्या.

आता रंग. बहुतेक घरांत या खोलीला एकच खिडकी, त्यात दिवसा वीज जाते. गडद राखाडी किंवा मरून भिंत फोटोत छान वाटेल, पण तिथे डाळीतला खडा दिसणार नाही. भिंत आणि छत फिकट पिवळसर ठेवा. अगदी पांढऱ्यावर हळदीचा डाग लगेच उठून दिसतो. उन्हाने तो फिका होतो, पण खोलीच्या आतल्या भिंतीवर ऊन येतं कुठून? दारांना मध्यम रंग घ्या, मातकट किंवा फिकट हिरवा. काळ्या चकचकीत दारावर पिठाचा प्रत्येक हात दिसतो. शेगडीमागे चकचकीत टाइल्स किमान दोन फूट लावा, सांध्यांत राखाडी भराव घ्या.

ऑइल पेंट पुसता येतो, डिस्टेंपर घासला की निघतो. गॅसच्या खोलीत म्हणूनच ऑइल पेंट. पण पाणी तापवायला, भाकरीला चूल तिथेच पेटत असेल तर त्या भिंतीला चुनाच बरा. धुराने काळी पडली की दिवाळीला पुन्हा हात मारता येतो, आणि खर्चही किरकोळ.

ऑइल पेंटची घाई मात्र करू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि नव्या भिंतींना पहिल्या वर्षात तडे दिसतात. ओल्या प्लास्टरवर लावलेला पेंट पापुद्र्यांनी सुटतो. पहिल्या वर्षी फक्त चुना मारा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, तडे भरून घ्या, मग पेंटरला बोलवा.