देवाधर्मावरची नवी पुस्तकं: कुठलं घ्यावं, कुठलं चाळून सोडावं

2006 ला नास्तिक शास्त्रज्ञ डॉकिन्सचं 'द गॉड डिल्यूजन' आलं आणि त्यानंतर बरीच वर्षं या विषयावरची इंग्रजी पुस्तकं म्हणजे नुसती भांडणं होती, एक देव नाहीच म्हणून ओरडणार, दुसरा त्याला उत्तर म्हणून त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडणार. 2024-25 मध्ये आलेली जी वाचली त्यात आवाज बराच खाली आलाय. खाली आलाय म्हणजे सगळी चांगलीच आहेत असं नाही हां. आणि आधीच सांगतो, ही सगळी ख्रिश्चन परंपरेतून आलेली आहेत, ज्यांना तेच नको असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, पण मग एक-दोन भारी गोष्टी सुटतील.

माझी कसोटी एकच आणि ती जुनीच आहे, पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी नीट, त्यालाही पटेल असं मांडायचं आणि मगच खोडायचं. जे पुस्तक संशय घेणाऱ्याला पहिल्या दहा पानांत वेड्यात काढतं ते मी पुढे वाचत नाही, मग लेखक कितीही मोठा असो.

सगळ्यात आधी मॅरिलिन रॉबिन्सन यांचं 'रीडिंग जेनेसिस' (2024). बाई मूळच्या कादंबरीकार, 2005 चं पुलित्झर मिळालेलं, आणि पक्क्या कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ. बायबलचं पहिलं पुस्तक, म्हणजे उत्पत्ति, त्या ओळीओळीने वाचत जातात. आता घेण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, यात प्रकरणंच नाहीत, मथळे नाहीत, एकच सलग निबंध आहे, त्यामुळे रात्री झोपताना कुठे थांबायचं कळत नाही आणि परत काही शोधायचं म्हटलं की डोक्याला शॉट. दुसरं म्हणजे पानं बघून जाड पुस्तक मिळालं म्हणून खूश होऊ नका, मागचा मोठा भाग म्हणजे किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरातली अख्खी उत्पत्तिच छापलीय. मला ते आवडलं, कारण बाई काय म्हणतायत ते लगेच मागे जाऊन तपासता येतं, पण कुणाला फसवल्यासारखं वाटू शकतं.

मजकूर मात्र अप्रतिम. बॅबिलोनी कथांशी त्या जी तुलना करतात ती बघा. 'एनुमा एलिश'मध्ये माणूस घडवला जातो तो देवांची कामं करायला, म्हणजे फुकटचा गडी. गिल्गमेशच्या महाकाव्यात पूर ओसरल्यावर त्यातून वाचलेला उत्नपिश्तिम नैवेद्य दाखवतो तर उपाशी देव माश्यांसारखे त्याच्यावर घोंगावतात. पूर तोच, नाव तीच, पण उत्पत्तितला देव माणसाच्या हातच्या घासावर जगत नाही, त्याला माणूस उगाचच, नुसता हवा असतो. हा फरक इतका साधा आहे आणि तरी पूर्वी कुणी मला असा दाखवला नव्हता. मग काइन. भावाचा खून केलेला माणूस, आणि देव त्याला मारत नाही, उलट दुसऱ्या कुणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. बाई म्हणतात इथून पुढे अख्ख्या पुस्तकभर हेच चाललंय, शिक्षा करायचा पूर्ण हक्क असताना हात आवरणं, आणि ते जाऊन पोचतं योसेफापाशी, ज्याला भावांनी विकलं तोच भावांना पोटाशी धरतो.

आणि इथेच त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. योसेफाचं नुसतं गुणगान करून सोडता आलं असतं, पण 47 व्या अध्यायात हाच योसेफ दुष्काळात इजिप्तच्या लोकांना धान्य देताना आधी पैसे, मग गुरं, मग जमिनी आणि शेवटी त्या माणसांनाच फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, ताब्यात घेतो, हे त्या टाळत नाहीत. बायबलच्या पुढच्याच पुस्तकात योसेफाच्याच कुळातले लोक त्याच इजिप्तमध्ये गुलाम होतात, हे आठवलं की अंगावर येतं. एक तक्रार आहे, हा ग्रंथ वेगवेगळ्या काळच्या, वेगवेगळ्या लेखकांच्या तुकड्यांतून जोडला गेलाय असं जे अभ्यासक मानतात त्यांना बाई जवळजवळ उडवूनच लावतात. काइनाला जेवढी दया मिळाली तेवढी त्या प्राध्यापकांनाही मिळायला हरकत नव्हती.

असे चिकित्सक अभ्यासक काम कसं करतात ते कळायचं असेल तर इलेन पेगेल्स यांचं 'मिरॅकल्स अँड वंडर' (2025) घ्या. 1945 ला इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेल्या जुन्या ख्रिश्चन हस्तलिखितांवर काम केलेल्या याच बाई. इथे विषय आहे येशूच्या चमत्कारांच्या गोष्टी आल्या कुठून. कुमारी मातेच्या कथेपाशी त्या थेट दुसऱ्या शतकातल्या सेल्सस या ख्रिश्चनविरोधी लेखकाला साक्षीला आणतात, जो म्हणायचा की येशूचा बाप पँथेरा नावाचा रोमन सैनिक होता. गंमत अशी की सेल्ससचं मूळ पुस्तक हरवलंय, ते आपल्याला माहीत आहे ते फक्त ओरिजेन या ख्रिश्चन विद्वानाने त्याला खोडताना त्याचे उतारेच्या उतारे देऊन ठेवले म्हणून. आपल्याकडे चार्वाकांचं हेच झालंय ना, विरोधकांच्या पोथ्यांतच बिचारे जिवंत राहिले. मार्कच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) शेवटही असाच चटका लावणारा, सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ते संपतं तेच मुळी रिकाम्या कबरीपासून बायका घाबरून पळाल्या आणि कुणालाच काही बोलल्या नाहीत इथे. पुढचं मागाहून जोडलेलं. पेगेल्सबाई हे सगळं उघडं करतात आणि तरी श्रद्धेची टर उडवत नाहीत. लिहिणं सोपं आहे, पहिल्यांदाच या विषयात शिरणाऱ्याने इथून सुरू करावं. शेवटी चित्रकार, सिनेमावाले वगैरे येतात तिथे जरा पसरट होतं, चाळलं तरी चालतं.

आता डेव्हिड बेंटली हार्ट, 'ऑल थिंग्ज आर फुल ऑफ गॉड्स' (2024). हे मजेशीर प्रकरण आहे. एका बागेत सहा दिवस ग्रीक देव गप्पा मारत बसलेत, सायकी, इरॉस, हर्मिस आणि हेफेस्टस, आणि वाद कशावर तर मन म्हणजे नुसता मेंदू का. जडवादी बाजू दिलीय हेफेस्टसला, जो लोहार देव, यंत्रं बनवणारा, म्हणजे पात्रयोजनाच झकास. त्याला बोलायला भरपूर जागा आहे, न्यूरोसायन्स, कॉम्प्युटर, उत्क्रांती सगळं तो मांडतो आणि बऱ्याचदा जोरात मांडतो. पण सामना फिक्स आहे हे आपल्यालाही माहीत असतं, तिघे एकीकडे आणि हा एकटा! सायकीची अडचण मात्र खरी आहे: मेंदूतली कुठलीही हालचाल दुसऱ्या कशा'बद्दल' नसते, ती नुसती घडते, मग विचार हा कशाबद्दल तरी कसा काय असतो? हेफेस्टस यावर बऱ्याच वाटा शोधतो आणि दरवेळी बाकीचे त्याला परत तिथेच आणून सोडतात. हार्ट ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन, पण 2013 च्या एका पुस्तकाच्या उपशीर्षकातच त्यांनी सत्-चित्-आनंद घेतलं होतं, त्यामुळे वेदान्ताची ओळख असलेल्याला इथे परकं वाटणार नाही, उलट काही पानांवर हे तर आपलंच म्हणून हसू येतं. भाषा मात्र भयंकर. जिथे साधा शब्द चालला असता तिथे हा माणूस डिक्शनरी उघडायला लावणारच. पाचेकशे पानांचा ऐवज आहे, सलग वाचायच्या भानगडीत पडू नका.

रॉस डाउथॅट यांचं 'बिलीव्ह' (2025) सगळ्यात सोपं आणि मला सगळ्यात कमी पटलेलं. पत्रकारी हात आहे, भराभर वाचून होतं. विश्वाचे आकडे जीवसृष्टीला हवे तसे इतके नेमके जुळलेत, जाणीव कशी आली कळत नाही, लोकांना अनुभव येतात, तेव्हा श्रद्धा ठेवणं हेच शहाणपणाचं, असा एकूण सूर. पण जगात एवढं दुःख का, धर्मसंस्था एवढी पापं का करतात आणि सेक्सवर एवढे निर्बंध का, हे तीन प्रश्न एकाच प्रकरणात उरकलेत. अहो, पहिल्या प्रश्नापायीच निम्मी माणसं देवापासून लांब गेलीत, त्याला एवढीशी जागा? विमा एजंट हप्त्याचं बोलताना जसा अटींचं पान पटकन उलटतो तसं वाटलं. एक सल्ला चांगला आहे त्यात, की आपला आपण नवा धर्म शिवत बसण्यापेक्षा एखाद्या जुन्या, मोठ्या परंपरेत शिरून बघा, निदान तिथे आधीच्यांनी केलेल्या चुकांची नोंद तरी असते.

तोमाश हालिक यांचं 'द आफ्टरनून ऑफ ख्रिश्चॅनिटी' 2024 ला इंग्रजीत आलं. मूळ चेक. कम्युनिस्ट राजवटीत 1978 ला पूर्व जर्मनीत एर्फुर्टला जाऊन गुपचूप धर्मगुरू झालेला हा माणूस, त्यामुळे चर्च रिकामी पडतायत म्हणून तो रडत नाही, त्याने तसंही चर्चशिवायच सुरू केलं होतं. शोधणारे आणि स्थिरावलेले अशी माणसांची विभागणी तो करतो, आणि शोधणाऱ्यांत नास्तिकही धरतो. विचार चांगले पण तेच तेच फिरून येतात. अर्ध्या आकारात बसलं असतं.

पोप फ्रान्सिस यांचं 'होप' (2025) धर्मशास्त्र म्हणून घेऊ नका, आत्मचरित्र आहे. आजीआजोबा ज्या 'प्रिन्सिपेसा माफाल्दा' जहाजाने अर्जेंटिनाला निघणार होते ते 1927 ला बुडालं, आणि सामान वेळेत विकलं गेलं नाही म्हणून ते वाचले, तो भाग जरूर वाचा. बाकी ठीक.

यातलं एक मराठीत यावं असं वाटतं, ते रॉबिन्सनबाईंचं. मागे मूळ संहिता जोडायची तर पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर आहेच, त्यातली उत्पत्ति तशीच्या तशी लावता येईल. फक्त प्रकाशकाने तेवढे मथळे घाला हो.