होल्स्टरचं चामडं मागवताय? गठ्ठ्यातलं वरचं कातडं खरं होतं, आतली सगळी क्रोमची

सातारा, कराड, वाई या बाजूला जे कुणी होल्स्टर (रिव्हॉल्व्हर-पिस्तूल कमरेला अडकवायचं म्यान), काडतुसांचे पट्टे नाहीतर कोयत्याची म्यानं शिवतात आणि जाड व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या साली-हिरड्यात कमावलेलं चामडं फोनवरून मागवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला माल विकणारा दलाल अजून धंद्यात आहे.

आमच्या घरात चपलांचं काम जुनं. होल्स्टर मी सुरू केलं, कारण गिऱ्हाईक दारातच होतं. हा फौजींचा जिल्हा. निवृत्त झालेला माणूस बँकेत नाहीतर कॅश व्हॅनवर लागतो. परवानावाले बागायतदार आणि ठेकेदार वेगळेच. (त्यातल्या बऱ्याच जणांना होल्स्टर शर्टाच्या आत नको असतं, चारचौघांत दिसेल असं हवं असतं. असो.) बाजारात मिळतं ते नायलॉनचं, सगळ्या हत्यारांना एकच माप.

विकत मिळणारे कागदी पॅटर्न बहुतेक अमेरिकन हत्यारांचे. स्मिथ अँड वेसनच्या पाच गोळ्यांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी काढलेला पॅटर्न आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या .३२ ला जसाच्या तसा चालत नाही. आपलं सहा गोळ्यांचं, नळी तीन इंची, आणि जुन्या वेब्लीसारखं मधून मोडून गोळ्या भरायचं. म्हणून त्या पॅटर्नमधून पट्ट्याचा लूप, कमरेवरचा कल आणि वरच्या पट्टीची जागा एवढंच घ्यायचं. बाकी आकार नव्याने काढायचा. गिऱ्हाईक स्वतः हत्यार रिकामं करून दाखवतं आणि तिथेच थांबतं. आम्ही ते दुकानात ठेवून घेत नाही, घेतलं तर आर्म्स ॲक्टखाली आम्हीच आत जाऊ. कार्डशीटवर बाहेरची रेघ मारायची, तिच्यापुढे हत्याराची निम्मी जाडी, त्यात चामड्याची जाडी, मग टाक्याची रेघ. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की एकतर हत्यार उपसता येत नाही, नाहीतर पळताना बाहेर उडी मारतं.

हे सगळं जमून आलं तरी चामडं नीट नसेल तर मेहनत पाण्यात. होल्स्टरला तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचं, साली-हिरड्यात कमावलेलं व्हेज टॅन लागतं. ते भिजवून लाकडी फर्म्यावर बोटांनी दाबत बसवलं आणि सावलीत वाळवलं की तो आकार कायमचा धरतं. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं चामडं पर्सला, बुटाच्या वरच्या भागाला उत्तम. पण ते भिजवून कितीही दाबा, वाळलं की परत मऊ आणि सपाट. प्रश्न दिसण्याचा नाही. मऊ होल्स्टरचं तोंड हत्यार काढल्यावर मिटतं, आणि हत्यार परत घालताना तीच दुमडलेली कड ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कडीत) शिरून ट्रिगर दाबू शकते. गोळी सुटली तर थेट मांडीत.

तर या दलालाने आधी वहीच्या पानाएवढा नमुना पाठवला. नमुना अस्सल होता. मी तो भिजवला, वाळवला, घासून कड चकाकवली, कुठेच खोट निघाली नाही. मग व्हिडिओ आला: निळ्या ताडपत्रीवर म्हशीच्या कातड्यांची चळत आणि जाडी मोजायच्या डिजिटल कॅलिपरवर ३.४ मिलिमीटरचा आकडा. निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे माल ट्रान्सपोर्टला टाकायच्या आधी. या धंद्यात हीच रीत असल्यामुळे त्यात वावगं काही वाटत नाही.

गठ्ठा साताऱ्यात ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आला तेव्हा मी तिथेच गोणपाट उसवून कोपरा कापून बघितला. आरपार तपकिरी. सही करून माल घरी आणला. दुसरं कातडं कापून पाण्यात टाकलं तेव्हा खरा प्रकार कळला. फर्म्यावरून उतरवलं तर ओल्या फडक्यासारखं लोळागोळा. कडेला रापी लावून बारीक चकती तासली. वरून तपकिरी, आणि आत मधोमध निळसर करडी रेघ. क्रोमची खूणच ती. पठ्ठ्याने प्रत्येक कातड्याच्या कडेला रंग फासला होता. खरं कातडं फक्त सगळ्यात वरचं होतं.

फोन केला तर म्हणाला, “शेठ, हे रिटॅन आहे, क्रोमवर व्हेज मारलेलं. हल्ली सगळीकडे हेच चालतं.” असं चामडं असतं हे खरं, पण मी मागितलेलं ते नव्हे. ऑर्डर झाली तेव्हा व्हॉट्सॲपवर त्यानेच “फुल ग्रेन व्हेज टॅन, बफेलो” लिहिलं होतं. बिलावर मात्र नुसतं “फिनिश्ड लेदर”. पुढे फोन लागेना. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नाव निघालं भलत्याच फर्मचं. पैसे गेले होते ते खातं तिसऱ्याच माणसाचं.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा “हा दिवाणी मामला आहे” असं ऐकायला मिळतं. तिथून परत फिरू नका. खोटा जीएसटी नंबर आणि रंगवलेल्या कडा म्हणजे मुळापासून फसवायचा बेत होता. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शिवाय माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १७ प्रमाणे नमुना दाखवून विकलेला माल नमुन्याबरहुकूम असावाच लागतो. म्हणून नमुन्याचा तुकडा कापून संपवू नका, तारीख घालून बाजूला ठेवा. माझ्या तक्रारीत आज सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक आयोग नाही, असं मला दोघांनी ठासून सांगितलं होतं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी माल घेणारा कारागीर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो. तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझी दाखल झाली आहे, तारीख पडायची आहे.

आता गठ्ठा आला की मी वरचं कातडं बाजूला सारून मधली दोन-तीन ओढतो. काठावर न कापता बोटभर आत नवा काप घेतो. शंका आलीच तर नखाएवढा तुकडा उकळत्या पाण्यात टाकायचा. व्हेज टॅन आकसून, वळून कडक होतं, क्रोमला सहसा काही होत नाही. ट्रान्सपोर्टवाला कुरकुर करतो, करू दे. बिलावर “व्हेज टॅन” आणि जाडी लिहून घेतल्याशिवाय उरलेले पैसे सोडत नाही, आणि पैसे फर्मच्याच खात्यावर.

परवा कराडच्या एका कारागिराने मला त्याला आलेला व्हिडिओ पाठवला. नंबर नवा, नाव नवं, पण तीच निळी ताडपत्री आणि कॅलिपरवर तोच ३.४. ताडपत्रीच्या डाव्या कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याचं ठिगळ आहे. तुमच्याकडे तो व्हिडिओ आला तर आगाऊ एक रुपयाही पाठवू नका, आणि समोरचा नंबर मला कळवा. तक्रारीला जोडायचा आहे.