एलएस बेल्ट: कंबरेला ४ स्टार

कंबरेच्या एल४-एल५ मणक्यांचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी हा आधाराचा पट्टा लिहून दिला. बसताना आधार खरंच मिळतो, पण वेल्क्रोचा तो चर्रर्र आवाज पहाटे ३ ला अख्खं घर उठवतो आणि आत बनियन नसेल तर घामोळं ठरलेलं. पँटची साईज देऊ नका, टेपने मोजा, माझा एक परत गेला. डिप्रेशनच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या, त्या सर्जनला सांगितल्या ते बरं झालं, कारण ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधासोबत त्यातल्या काही जमत नाहीत. रात्री धडधड वाढली की बायको म्हणायची, अहो आधी तो पट्टा सैल करा, आणि निम्म्या वेळा तेवढ्यानेच श्वास मोकळा व्हायचा, नाहीच झाला तेव्हा १४४१६ लावला, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.