तीन गोळ्या की इंजेक्शन? आमवातात मेथोट्रेक्सेट पुरत नसेल तर

माझ्या मावशीची बोटं मेथोट्रेक्सेट (आमवाताची नेहमीची पहिली गोळी) चालू असूनही सुजायची, सकाळी मूठ वळायची नाही, मग डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एकतर त्याच गोळीला सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची जोड द्यायची, नाहीतर मेथोट्रेक्सेटसोबत इटानरसेप्टचं इंजेक्शन. घरात सगळे म्हणाले महाग आहे म्हणजे इंजेक्शनच भारी, मलाही तसंच वाटलेलं.

पण ह्या दोघांची समोरासमोर टेस्ट झालीये. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने पुढाकार घेतला, कॅनडाच्या सरकारी संशोधन संस्थेनेही पैसे दिले, २०१३ मध्ये निकाल आला. ३५३ पेशंट, सगळे मेथोट्रेक्सेट पुरं न पडलेले, आणि कुणाला खरं औषध कुठलं मिळतंय हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. २४ आठवड्यांत फरक नाही पडला तर दुसऱ्या औषधावर टाकायचं, तर दोन्हीकडून साधारण २७ टक्केच लोक बदलावे लागले, बदलल्यावर त्यांनाही गुण आला आणि ४८ आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच, एक्स-रेमध्येसुद्धा मोठा फरक नाही. म्हणजे आधी गोळ्या घेतल्या तर सांधे हातचे जातील ही जी भीती असते ना, तिला ह्यात आधार मिळत नाही. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळ्यांसाठी कुठली कंपनी एवढा खर्च करेल? म्हणून मला सरकारी पैसा इथे फार मोलाचा वाटतो.

आता रोजचं बघा. गोळ्या खूप होतात, पोट बिघडू शकतं, सल्फाची ॲलर्जी असेल तर हा पर्याय जवळपास बादच, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे डोळे तपासत राहावे लागतात. इंजेक्शन आठवड्यातून एकदा, ते सोपं, पण फ्रिजमध्ये ठेवायचं, इन्फेक्शनचा धोका जास्त, आणि सुरू करण्याआधी टीबीची तपासणी हवीच, आपल्याकडे तर नक्कीच. भारतात बायोसिमिलर (म्हणजे मूळ इंजेक्शनसारखीच, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली) मिळतात तरी गोळ्यांपेक्षा महागच पडतात.

मेथोट्रेक्सेट दोन्हीत आहे, ते आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

माझं मत, ॲलर्जी वगैरे नसेल तर आधी गोळ्या. मावशीनेही त्याच घेतल्या, आणि सहा महिने कधी होतात ती तारीख कालनिर्णयवर गोल करून ठेवलीये, तोवर मूठ वळली नाही तर इंजेक्शनचं बोलायचं असं डॉक्टरांशी ठरलंय.