चित्रकारांचे करार तपासून देणारी पुण्यातील वकिली सेवा : माझा अनुभव

गेली नऊ वर्षे मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते आहे, परंतु आलेला करार मी आजवर शेवटच्या पानावर सही करण्यापुरताच उघडत असे. मागच्या जूनमध्ये एका चित्रपुस्तकासाठी अकरा पानी करार आला, तेव्हा एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी नारायण पेठेतील एका वकीलबाईंकडे गेले. एका कराराचे त्या तीन हजार रुपये घेतात. त्यात पाऊण तासाची प्रत्यक्ष भेट आणि पुढे दोनदा सुधारित मसुदा पाहून देणे येते.

त्यांनी छापील प्रत समोर ठेवली, हाती पेन्सिल घेतली आणि चौथे कलम मला मोठ्याने वाचायला लावले. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर, सध्याच्या व भविष्यातील सर्व माध्यमांत’ या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढून ‘यातले प्रकाशकाला खरोखर काय लागणार आहे?’ असे त्यांनी विचारले. लागणार होते ते छापील पुस्तक आणि ई-पुस्तक, तेही मराठी व इंग्रजीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. मात्र करारातील मौन नेहमीच आपल्या बाजूचे नसते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले: मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राच्या बाबतीत वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी काम सांगणाऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ हे वाक्य करारात हवेच, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मला पूर्णपणे पटला.

मानधन ‘प्रकाशनानंतर ६० दिवसांनी’ मिळणार होते. पुस्तक लांबले किंवा रद्द झाले तर काय, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. माझी उद्यम नोंदणी (लहान उद्योग-व्यवसायांची सरकारी नोंदणी) आहे हे कळल्यावर त्यांनी २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातील पैसे चुकते करण्याची ४५ दिवसांची मर्यादा दाखवली आणि मुदत अंतिम फाइल स्वीकारल्यापासून मोजायला सांगितली. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या आणि काम मध्येच थांबल्यास झालेल्या कामाचे पैसे, ही कलमेही त्यांनी साध्या मराठीत लिहून दिली. ती मी ईमेलमध्ये जशीच्या तशी पाठवली. प्रकाशकांनी चित्रे वापरण्याचा परवाना सात वर्षांचा मागितला, पण बाकीचे जवळजवळ सगळे मान्य केले, आणि बोलणी कुठेही कटू झाली नाहीत.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्या भेटीसाठी मला आठ दिवस थांबावे लागले. उद्याच सही हवी असेल, तर ही सेवा उपयोगाची नाही. चित्रांचा दर किती असावा यावर त्या काहीही बोलत नाहीत, तो अंदाज आपल्याच क्षेत्रातील माणसांकडून घ्यावा लागतो. भेटीला जाताना कराराबरोबर प्रकाशकाशी झालेला पत्रव्यवहारही छापून न्यावा, कारण माझी पहिली वीस मिनिटे तो मोबाइलवर शोधण्यातच गेली.