कच्छचं चार रात्रींचं पॅकेज : रण भरपूर, समुद्र निसटता

मुंबई-पुण्याहून मिळणाऱ्या कच्छच्या पॅकेजचा साचा ठरून गेलाय. भुजला उतरायचं, दोन रात्री पांढऱ्या रणाच्या काठावरच्या धोर्डोच्या तंबूत, दोन भुजमध्ये, आणि मांडवी अर्ध्या दिवसात उरकायची. रणाची व्यवस्था चांगली असते, पण किनाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले तास येतात. बुकिंग करतानाच धोर्डोची एक रात्र कमी करून मांडवीला मागून घ्या.

धोर्डो एक संध्याकाळ आणि एक पहाट एवढ्यात मनासारखं पाहून होतं. भुजपासून अंतर साधारण ८० किलोमीटर. परवाना लागतो. तो ऑनलाइन काढला तर भिरंडियाऱ्याच्या नाक्यावरची रांग वाचते, तरी मूळ ओळखपत्र जवळ हवंच. तिथला ताजा मावा मात्र चुकवू नका. गर्दी वॉच टॉवरच्या आसपास रेंगाळते, दहा मिनिटं पुढे चालत गेलं की न तुडवलेलं मीठ मिळतं. वरचा थर टणक वाटला तरी खाली चिखल असतो. करडी, ओलसर दिसणारी जागा टाळा, तिथे पाय रुततो. चामड्याचे बूट मिठाने खराब होतात. जानेवारीत सूर्य मावळताच थंडी झोंबते, त्यामुळे जाकीट गाडीत नको, अंगावर हवं.

सगळ्यात जास्त निराशा होते ती चुकीच्या तारखेमुळे. पावसाळ्यात नद्यांचं पाणी आणि कोरी खाडीकडून आत आलेलं समुद्राचं पाणी या सपाट रणात साचतं. ते आटलं की मीठ वर येतं. पाऊस लांबला तर नोव्हेंबरात पांढऱ्या जमिनीऐवजी उथळ तळं दिसतं. रणोत्सव, म्हणजे धोर्डोचा हिवाळी पर्यटन महोत्सव, सुरू झाला म्हणजे रण वाळलं, असं नाही. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा भरवशाचा काळ. पौर्णिमेचे दर चढे असतात. त्याऐवजी आदल्या एक-दोन दिवसांची तारीख घ्या, तेव्हा चंद्र सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो आणि दोन्ही एकत्र पाहता येतं.

काळो डुंगर (४६२ मीटर) बहुतेक पॅकेजांत असतो आणि असायलाच हवा. वर दत्ताचं मंदिर आहे, तिथे कोल्ह्यांना प्रसाद घालायची जुनी प्रथा आहे. भर दुपारी हवा धुरकट असते आणि रणाचा विस्तार कळत नाही, म्हणून सकाळी चढा.

आता मांडवी. भुजपासून ६० किलोमीटर. रुक्मावतीच्या काठावर आजही हाताने लाकडी जहाजं बांधली जातात. उंच, उघड्या फासळ्यांखाली उभं राहिल्याशिवाय त्यांचा आकार समजत नाही, आणि पॅकेजची बस पुलावरूनच पुढे निघून जाते! ही सोय नव्हे, अन्याय आहे. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो, त्यामुळे किनाऱ्यावर जायची वेळ ओहोटी पाहून ठरवा. विजय विलास राजवाडा तासाभरात होतो. क्रांतितीर्थ या स्मारकाला मात्र मराठी माणसाने वेळ द्यावा. मांडवीचे क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा यांच्या लंडनमधल्या इंडिया हाऊसची प्रतिकृती तिथे आहे, आणि त्याच घरात सावरकर राहिले होते. दाबेलीही याच गावची.

पाचवी रात्र वाढवता आली तर मांडवीहून नलिया, कोटेश्वरमार्गे लखपतला जा. १८१९ च्या भूकंपात जमीन उचलली जाऊन अल्लाबंद नावाचा बांध तयार झाला, सिंधूचं पाणी तुटलं आणि हे बंदर ओस पडलं. किल्ल्याचा जवळपास सात किलोमीटरचा तट अजून उभा आहे. तटावरून एकीकडे खाडी, दुसरीकडे चिखल-मिठाचं सपाट मैदान दिसतं. समुद्र आणि वाळवंट एकमेकांत कसे मिसळलेत, ते इथे नकाशाशिवाय कळतं. याच पट्ट्यात खाराई उंट आहेत. ते पोहत जाऊन तिवरांचा पाला खातात. हे उंट ठरावीक ठिकाणी बांधलेले नसतात, स्थानिक मालधारींकडे (पशुपालकांकडे) चौकशी करूनच निघा. टाकी नखत्राण्यात किंवा नलियात भरून घ्या. लखपतला हॉटेलच्या भरवशावर जाऊ नका, गुरुद्वाऱ्यात लंगर मिळतो.

या बदलांसाठी बस चालत नाही, चार-सहा जणांनी मिळून गाडी ठरवावी. दादरहून सयाजीनगरी किंवा वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस धरली तर रात्रभरात भुज गाठता येतं. रणाच्या भागाला पाचपैकी साडेचार, किनाऱ्याच्या भागाला सध्याच्या साच्यात दोन.