रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी : दोन वर्षांचा अभ्यास, सात सह्या आणि एक धनादेश

गेल्या आठवड्यात बँकेने माझा साडेसात हजार रुपयांचा धनादेश परत केला, म्हणून हा अनुभव लिहायला बसले आहे. धनादेश शिक्षणसंस्थेने माझी अनामत रक्कम परत करण्यासाठी दिलेला होता आणि त्यावर माझे माहेरचे नाव होते. खाते सासरच्या नावाने आहे. नावबदलाच्या राजपत्राची प्रत मी प्रवेशाच्या वेळी एकदा आणि पात्रता अर्जासोबत दुसऱ्यांदा दिली होती. विद्यापीठाच्या पदवीवर नाव बरोबर आले, लेखा विभागाच्या वहीत मात्र मी अजून अविवाहितच आहे.

प्रवेश घेण्याआधी पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या बिलिंग विभागात माझी अकरा वर्षे झाली होती. वाणिज्य पदवीवर तिथे जितके वर जाता येते तितके जाऊन झाले होते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम मुंबईत, म्हणजे नोकरी सोडणे आले. सिम्बायोसिसचे शुल्क पाहून त्यांच्या 'स्नॅप' या प्रवेशपरीक्षेचा अर्ज मी भरलाच नाही. राहिली राज्याची एमबीए सीईटी. २०० प्रश्न आणि १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत मी उरलेली सगळी उत्तरे नुसती टिचकी मारत भरली. नोकरी सांभाळून परीक्षा देणाऱ्यांनी गणितापेक्षा तर्काच्या प्रश्नांवर वेळ घालवावा, कारण त्यांचाच वाटा मोठा आहे. कागदपत्रांत शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र लागते. ते आधीच करून ठेवावे, कारण पडताळणीच्या दिवसांत नोटरीच्या टेबलापुढेही रांग असते.

रुग्णालयाने मला दुपारी तीन ते रात्री अकरा अशी पाळी दिली आणि सकाळचे वर्ग मी दोन वर्षे केले. वर्गातील बहुतेक मुले बाविशी-तेविशीची, त्यांत काही होमिओपॅथीचे आणि फिजिओथेरपीचे पदवीधर. मला सगळे ताई म्हणत आणि बिलाच्या शंका मलाच विचारत.

पहिल्या सत्राच्या शेवटी कोणी मत विचारले असते तर मी पैसे वाया गेले असे सांगितले असते. व्यवस्थापनाची तत्त्वे, संघटनात्मक वर्तन, विपणन हे सर्व साबणाच्या कारखान्यालाही तितकेच लागू पडेल अशा रीतीने शिकवले गेले. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या तासाला तर आम्हाला 'एनएबीएच' या रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मानकांच्या चौथ्या आवृत्तीच्या झेरॉक्स मिळाल्या, ज्यांत ६८३ वस्तुनिष्ठ घटक, म्हणजे तपासायचे मुद्दे, होते. प्रत्यक्षात २०२० पासून पाचवी आवृत्ती लागू होती आणि तिच्यात ते ६५१ आहेत. मी हे सांगितल्यावर परीक्षेपुरते ६८३ लिहा, असे उत्तर मिळाले. आम्ही शेवटच्या सत्रात असताना, जानेवारी २०२५ मध्ये, सहावी आवृत्तीही आली आणि संख्या ६३९ झाली. झेरॉक्स बदलल्या नाहीत.

मत बदलले ते दुसऱ्या सत्रातील कायद्याच्या विषयाने. शिकवायला एक निवृत्त वैद्यकीय अधीक्षक येत. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर '४१ कक' एवढेच लिहिले आणि विचारले की धर्मादाय रुग्णालयात काम करणारे कोण आहे. मी हात वर केला. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे हे कलम आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. मी अकरा वर्षे त्या २ टक्क्यांची नोंद संगणकात करत होते आणि तो कुठलातरी कर असावा, अशी माझी समजूत होती. त्या संध्याकाळी कामावर गेल्यावर मी पहिल्यांदा त्या निधीची शिल्लक उघडून पाहिली. आता शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन आलेल्या नातेवाइकांना मी स्वतः समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलापर्यंत नेऊन सोडते.

चौथ्या सत्राचा प्रकल्प मी माझ्याच रुग्णालयात केला. विषय घासून गुळगुळीत झालेला होता, डिस्चार्जला लागणारा वेळ. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये परिपत्रक काढून विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे ठरवून दिले होते, आणि उशिराचा सगळा दोष आम्ही बिलिंगवाले विमा कंपनीवर ढकलत असू. मी घड्याळ घेऊन वॉर्डात बसले तेव्हा वेगळेच दिसले. ते तीन तास रुग्णालयाने विनंती पाठवल्यापासून मोजले जातात, आणि विनंती पाठवण्यापूर्वीच आमचा अर्धा दिवस गेलेला असतो. एका रुग्णाला डॉक्टरांनी सकाळी सव्वानऊला घरी जायला सांगितले. उपचारांचा टंकलिखित सारांश साडेअकराला आला. मग उरलेली औषधे फार्मसीत परत गेली. फार्मसीची मोकळीक, म्हणजे 'आमचे काही बाकी नाही' ही नोंद, मिळेपर्यंत फाइल प्रयोगशाळेकडे गेली नाही आणि प्रयोगशाळेची मिळेपर्यंत बिलिंगकडे आली नाही. एकीचे काम दुसरीवर मुळीच अवलंबून नव्हते, तरी फाइल एकच म्हणून सगळे तिची वाट पाहत होते. घरी जाणार असलेल्या रुग्णांची यादी आदल्या संध्याकाळी सर्वांना एकदम पाठवावी आणि प्रत्येक विभागाने आपापली मोकळीक संगणकावर द्यावी, एवढीच माझी शिफारस होती. रुग्णालयाने ती दोन मजल्यांवर लागू केली आहे. या प्रकल्पासाठी मार्गदर्शक प्राध्यापकांनी माझ्या टिपणांतील प्रत्येक वेळ तपासली, हेही इथे नोंदवले पाहिजे.

आता अनामत. ती परत मिळण्यासाठी 'नो ड्यूज'चा, म्हणजे कुठल्याच विभागाचे देणे नसल्याचा, अर्ज असतो आणि त्यावर सात सह्या लागतात : ग्रंथालय, संगणक कक्ष, क्रीडा विभाग, वसतिगृह, परीक्षा विभाग, विभागप्रमुख, लेखा विभाग, आणि त्या याच क्रमाने. मी वसतिगृहात एक रात्रही राहिलेले नाही आणि क्रीडा विभागाची खोली कुठे आहे हे मला तो अर्ज हातात आल्यावर कळले. ग्रंथालयाला प्रकल्पाची सीडी हवी होती. प्रबंधाची सोनेरी अक्षरांची बांधणी मी अप्पा बळवंत चौकात करून घेतली होती, तिच्या तीन प्रती त्यांना चालल्या नाहीत. तपकीर गल्लीत दोन दुकाने पालथी घातल्यावर एकाने जुन्या संगणकावर सीडी लिहून दिली. ती चालते की नाही हे ग्रंथालयाने पाहिले नाही, कारण त्यांच्याकडे सीडी चालवणारे यंत्र नाही. वसतिगृहाचे रेक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. त्यांची सही नसताना परीक्षा विभाग अर्ज हातातही घेत नाही. ज्या संस्थेने एका फाइलमागे धावण्याच्या पद्धतीवर प्रकल्प लिहिल्याबद्दल मला वर्गात पहिला क्रमांक दिला, तिने त्याच पद्धतीने मला सात महिने फिरवले. मी एकदा तिथल्या लिपिकांना माझ्या प्रबंधातील आकृती दाखवली. "छान आहे मॅडम," ते म्हणाले, "पण पाचवी सही राहिली आहे."

साडेसात हजारांसाठी एवढे रामायण कशाला, असे घरचेही म्हणतात. माझा हिशेब सांगते. दोन वर्षांत शुल्क, पुस्तके, बांधणी आणि प्रवास धरून पावणेतीन लाख गेले. पदवीनंतर मला रुग्णालयाच्या परिचालन विभागात, म्हणजे दैनंदिन कामकाज पाहणाऱ्या विभागात, घेतले आणि पगार ९,००० रुपयांनी वाढला, म्हणजे खर्च भरून निघायला एकतीस महिने लागतील. अनामत मिळाली नाही तर जवळजवळ आणखी एक महिना. तो महिना मी सोडणार नाही.

रुग्णालयात आधीपासून काम करणाऱ्याने हा अभ्यासक्रम करावा का, तर करावा, मात्र पहिल्या सत्रावरून मत बनवू नये आणि प्रकल्प आपल्याच कामाच्या जागी करावा. ज्याने रुग्णालय फक्त नातेवाईक म्हणून पाहिले आहे, त्याने आधी सहा महिने कुठल्याही रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर काढावेत. प्रवेशाच्या दिवशी लेखा विभागाच्या वहीत आपले नाव कसे लिहिले आहे, ते स्वतः वाकून वाचावे.

धनादेशावर १२ जानेवारीची तारीख आहे आणि तो तीन महिने चालतो. नावाच्या दुरुस्तीसाठी नवा अर्ज द्यायचा आहे. त्यावर सही वसतिगृहाची का लागते हे मी विचारले नाही. उद्या मंगळवार आहे, मी सकाळी सुट्टी टाकली आहे.